बिनविरोध सहावा

सोमवार, सात एप्रिल एकोणीसशे शहाऐंशी. सकाळी साडेदहा वाजता मुरुमच्या सहकार व्यवस्थापन प्रशिक्षण केंद्रात तेरा बाकं होती, त्यांतली अकरा बसण्याजोगी; एक फळा, वरून खालपर्यंत भेगाळलेला; तीन खुर्च्या; दोन शिक्षक; एक कारकून; दोन रांजण, एक कोरडा आणि दुसऱ्यात साडेसहा सेंटिमीटर पाणी; पटावर सतरा विद्यार्थी, समोर पाच; आणि कपाटात एकोणचाळीस पुस्तकं. चाळिसावंही एक होतं, पण त्याला ना पुठ्ठा होता, ना पहिली सोळा पानं, ना शेवट, आणि ते प्राचार्यांच्या टेबलाच्या आखूड पायाखाली होतं. मच्छिंद्र सरवदेनं बराच विचार करून ते मोजलं नाही. ज्याला नाव नाही, लेखक नाही आणि ज्याच्यावर टेबल उभं आहे, ते पुस्तक नसून टेबलाचा भाग आहे, असं त्याचं मत पडलं.

मच्छिंद्र भौतिकशास्त्राचा पदवीधर. गावोगावच्या सोसायट्यांचे उद्याचे सचिव इथं शिकायला येत, त्यांना तो सांख्यिकी शिकवी. रांजणातलं पाणी पट्टी बुडवून मोजणारा माणूस केंद्रात तो एकटाच, आणि हे बरोबर नाही असं बाकीच्यांना वाटे. जळकोटला त्याची आई सरुबाई भेटेल त्याला सांगे, "माझा मच्छिंदर मुरुमला कालिजात खुर्चीवर बसतो." पोरगा काय शिकवतो हे तिला नीट सांगता येत नसे. पण खुर्ची कळत होती. त्या घरात पगारी खुर्ची याआधी कुणाला मिळाली नव्हती.

ही सगळी मोजदाद करायचं कारण म्हणजे वरच्या मंडळाचं चार पानी परिपत्रक. विभागातल्या सहा केंद्रांना गुण देऊन क्रमांक लावायचं ठरलं होतं. ग्रंथालयाला वीस गुण, दर पूर्ण दहा पुस्तकांना अर्धा. एका शिक्षकामागे दहापर्यंत विद्यार्थी असले तर वीस गुण, दहाच्या वर प्रत्येक पूर्ण विद्यार्थ्यामागे एक गुण वजा. गेल्या वर्षीच्या उत्तीर्णांपैकी किती नोकरीला लागले, याला तीस. उरलेले तीस प्रतिष्ठेला. म्हणजे सहाही केंद्रांच्या अध्यक्षांनी आपापल्या मते सहा जणांना क्रमांक द्यायचे, पहिल्याला सहा गुण, शेवटच्याला एक. स्वतःला दिलेला क्रमांक धरायचा नाही. पहिल्या पानावर होतं की पहिल्या केंद्राला नवी इमारत. तिसऱ्या पानावर, कलम सात, एवढंच होतं की सहावं केंद्र बंद.

ते कलम मच्छिंद्रनं प्राचार्य शांतलिंग सरांना लाल रेघ मारून दाखवलं.

"वाचलं," सर म्हणाले. "अध्यक्षांच्या कानावर मी घालतो. पण योग्य वेळ बघून. नानासाहेबांना वाईट बातमी जेवणानंतर सांगावी लागते, आणि आज सोमवार. त्यांचा उपास."

मंगळवारी नानासाहेब लग्नाला गेले. बुधवारी सर विसरले. गुरुवारी पुन्हा उपास. शांतलिंग सर मनानं चांगले होते. योग्य वेळेची वाट बघताना निवृत्तीला फक्त दोन वर्षं उरली होती.

इकडं मच्छिंद्र माहितीचा तक्ता भरायला बसला. विद्यार्थीसंख्येच्या रकान्यात त्यानं लिहिलं : १७ ± ४.

"हे काय?" सरांनी चष्मा कपाळावर नेला.

"अधिक-उणे चार. हजेरी रोज बदलते सर. दुष्काळी काम निघालं की पोरं तिकडं जातात. मापनातली त्रुटी सांगायलाच पाहिजे."

"सरवदे, शासनाला त्रुटी आपण होऊन सांगत नसतात. त्या शोधायला त्यांनी माणूस ठेवलाय."

± खोडला गेला. त्यानंतर मच्छिंद्रनं मंडळाला एक सविस्तर पत्र लिहिलं. प्रतिष्ठेला तीस आणि ग्रंथालयाला वीस, हे प्रमाण कोणत्या पाहणीवरून ठरवलं, कृपया कळवावं. बारा दिवसांनी उत्तर आलं : 'आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे.' हे उत्तर त्यानं फायलीत लावलं. आपल्या पत्राला सरकारी उत्तर यायची ही त्याची पहिलीच वेळ होती, आणि वाईट वाटायला हवं तिथं थोडं बरं वाटलं, याची त्याला लाज वाटली.

पहिला घाला नानासाहेबांनी घातला, तोही मदत म्हणून. नानासाहेब संस्थेचे अध्यक्ष. पांढरं धोतर, गळ्यात चांदीच्या साखळीचं घड्याळ, आणि कुठल्याही कागदाचं पहिलं पान वाचून उरलेला कागद समजल्यासारखी मान हलवायची सवय. ते एका दुपारी आले आणि टेबलावर एक यादी टाकली.

"सतरा पोरं म्हणजे काय नंबर येणार, मास्तर? आमची सोसायटी हाय का टपरी? घ्या, चोवीस नावं आणलीत. पटावर चढवा."

"नानासाहेब, इथं उलटं आहे. जितके विद्यार्थी जास्त तितके गुण कमी."

नानासाहेबांनी शांतलिंग सरांकडं पाहिलं. आपल्यासमोर कुणी वेड्यासारखं बोललं की ते तिसऱ्याकडं बघत.

"मानसं जास्त आली म्हंजी कमीपणा? ह्ये कुठलं शास्त्र?"

"त्यांचं म्हणणं, शिक्षकाचं लक्ष—"

"लक्ष राहू द्या. चढवा."

पाशामियाँनी चढवली. पाशामियाँ केंद्राचे कारकून, निजामाच्या अमलातल्या शाळेत चौथीपर्यंत उर्दू शिकलेले, पंचावन्नच्या पुढचे. अक्षर असं की पाहणाऱ्याला मजकुराबद्दल शंकाच येऊ नये. त्यांच्याच घराच्या माडीवर मच्छिंद्र भाड्यानं राही. कचेरीत ते त्याला 'सर' म्हणत आणि घराचा उंबरा ओलांडला की 'मच्छिंदर'.

सतराचे एक्केचाळीस झाले. दोन शिक्षकांत साडेवीस-साडेवीस. दहाच्या वर पूर्ण दहा. वीसमधून दहा गुण एका दुपारी गेले. मच्छिंद्रनं आठवडाभर सरांच्या मागे लागून नावं कमी करायची परवानगी मिळवली, तेव्हा नियम निघाला की नाव कमी करायला विद्यार्थ्याचा सहीचा अर्ज लागतो. यादी नानासाहेबांनी सोसायटीच्या जुन्या सभासदांवरून उतरवली होती. त्यात तीन जण साठीच्या पुढचे, सात जण ऊसतोडीला गेलेले, आणि दोन मयत.

"मयताचा अर्ज कोण आणणार?" मच्छिंद्रनं विचारलं.

"वारस आणू शकतो," पाशामियाँ गंभीरपणे म्हणाले. "पण वारस दाखल्याला तहसील. तिथं सध्या सगळे टँकरच्या मागं."

उरले नोकरीचे तीस गुण. गेल्या वर्षी सोळा उत्तीर्ण. मच्छिंद्र सायकल काढून त्यांना शोधायला निघाला. तिघं सोसायट्यांत सचिव सापडले. चौघं पुण्या-मुंबईकडं गेल्याचं त्यांच्या आयांनी सांगितलं. कुठं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. बाकीचे नऊ जण एकाच ठिकाणी भेटले, पाझर तलावाच्या रोजगार हमीच्या कामावर. बाभळीखाली हजेरीपट घेऊन कोंडीराम बसला होता. गेल्या सालचा पहिला नंबर.

"सर! या, या. घ्या, सावली घ्या," म्हणत त्यानं आपला दगड पुसून दिला. "तुमच्या क्लासचा लई फायदा झाला बगा. सरासरी काढून खड्डे मोजतो. आमी पाच जण हजेरी कारकून हाय."

"आणि हे चौघं?"

हे चौघं कमरेइतक्या खड्ड्यात उभे होते. त्यातल्या एकानं कुदळ थांबवली. "आमचं काय लिहिता, सर?"

मच्छिंद्र घुटमळला. रकाना होता 'व्यवस्थापकीय पदावर आहे काय : होय / नाही'.

"न्हाय लिहा," कुदळवाला म्हणाला. "खड्ड्याचं व्यवस्थापन आमीच करतो, पर सही कोंडीराम करतो." बाकीचे तिघं हसले. मच्छिंद्रनं 'नाही' लिहिलं, आणि पेन्सिलीचं टोक तुटलं.

सोळांत आठ. पंधरा गुण. परत येताना सायकलची साखळी तीनदा पडली, आणि तिन्ही वेळा त्यानं ती पायी चालत बसवली, म्हणजे आधी थोडा चालला, मग बसवली. रस्ता, ऊन आणि आकडे असे होते की माणसाला थोडं चालावंसं वाटतं.

पण खरा घाव जळकोटला पडला, मच्छिंद्रच्या स्वतःच्या गावात. आणि तो तिथं नव्हता.

प्रतिष्ठेचे गुण द्यायची वेळ आली तेव्हा सहाही अध्यक्ष जळकोटला हायवेवरच्या एका खानावळीत जमले. ही सगळी सहकारात मुरलेली माणसं. सोसायटी असो, खरेदी-विक्री संघ असो, मतदान म्हणजे दोन पिढ्यांचं वैर, हे त्यांना पाठ होतं. त्यामुळं निवडणूक आली की ती बिनविरोध करायची. आधी बसायचं, कुणी माघार घ्यायची ते ठरवायचं, आणि जो माघार घेईल त्याचा मान सर्वांत मोठा. त्याला फेटा, नारळ, आणि पुढच्या खेपेचा शब्द. आता सहा जणांनी एकमेकांना क्रमांक द्यायचे म्हणजे ही निवडणूकच नव्हे काय? तासाभरात पहिले पाच क्रमांक लागले. सहावा कुणी घेईना.

तेव्हा नानासाहेब उठले.

हे मच्छिंद्रला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण नानासाहेब फेटा तसाच बांधून केंद्रात आले होते. भगवा, जरीचा, डाव्या कानावर तुरा.

"मास्तर," ते म्हणाले, "सहावा नंबर म्या घेतला. बिनविरोध. सगळे उठून उभे राह्यले! लातूरकडचे अध्यक्ष तर रडायला लागले. पुढल्या साली पहिला आपला. शब्द झालाय."

मच्छिंद्र शांतलिंग सरांकडं पाहू लागला. शांतलिंग सर दौतीकडं पाहू लागले.

"नानासाहेब," मच्छिंद्र म्हणाला, "सहावं केंद्र बंद होणार आहे. पुढचं साल नाही."

"कोण म्हणतं?"

"परिपत्रक. तिसरं पान. कलम सात."

नानासाहेबांनी परिपत्रक घेतलं, पहिलं पान वाचलं, मान हलवली. मच्छिंद्रनं हलकेच तिसरं पान उघडून दिलं. ते नानासाहेबांनी दोनदा वाचलं. मग फेट्याला हात लावला, काढावा की ठेवावा असा.

"ह्ये आधी कुणी सांगितलं न्हाय मला."

"मी योग्य वेळ..." शांतलिंग सरांनी सुरुवात केली, आणि वेळ नुकतीच टळून गेल्याचं त्यांच्या लक्षात आलं.

"मग आता सांगा त्यांना, शब्द मागं घेतो म्हणून," मच्छिंद्र म्हणाला. "क्रमांक अजून कळवलेले नाहीत."

नानासाहेब त्याच्याकडं अशा नजरेनं पाहत राहिले, की पोरगं हुशार आहे, पण त्याला काहीच कळत नाही.

"फेटा बांधून घेतलाय मास्तर मी. पाच जणांच्या हातनं. केंद्र एकवेळ बंद पडंल. पर शब्द?"

त्या संध्याकाळी पाशामियाँच्या ओसरीवर त्यांच्या पत्नी अजीजाबी भाकरी थापत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मेरेकू एक कळत न्हाय, बेटा," त्या म्हणाल्या. "नंबर लावनारा मुरुमला आला का? तुझा क्लास ऐकला का? पोरांना पुसलं का? न्हाय ना? मग नंबर कशाचा लावला? बकरीबी घेताना दात बगत्यात."

मच्छिंद्रनं त्यांना प्रतिष्ठा, प्रमाण आणि भारांक समजावून सांगितले. भाकरी करपली.

तरी गणित अजून संपलं नव्हतं. प्रतिष्ठेचे पाच, प्रमाणाचे दहा, नोकरीचे पंधरा, तीस. ग्रंथालयाचे वीस पूर्ण मिळाले तर पन्नास, आणि पन्नासला बहुधा कुणी सहावा येत नाही. तिथं सहकार कामाला आला. नानासाहेबांनी शब्द मागं घेतला नाही, पण खुणेनं इतर पाच अध्यक्षांना अडचण कळवली. पाचही जणांनी हात दिला. दोन वाचनालयं, एक कॉलेज, कुणाच्या घरची पंचांगं, कुणाच्या वडिलांची हकिमी पुस्तकं, असे चारशे बारा नग सहा पोत्यांत भरून पहिल्या तपासणीच्या आदल्या दिवशी मुरुमला एस.टी.नं उतरले. ठरलं असं, की पोती एकेका केंद्रावर तपासनिसाच्या एक दिवस आधी पोचायची आणि तपासणी झाली की पुढच्या गाडीनं जायची. सगळ्यांना सारखं. पहिलं केंद्र मुरुम, तपासणी सोमवारी.

"हे खोटं आहे," मच्छिंद्र म्हणाला.

"खोटं कुठं? पुस्तकं खरी हायत," नानासाहेब म्हणाले.

तो रात्रभर तळमळला, सकाळी आला, आणि पोत्यांकडं न पाहता फळ्यावर 'सरासरी' लिहीत उभा राहिला. विरोध केला नाही. यापेक्षा जास्त त्यानं केलं नाही, हे इथं नमूद करायला हवं.

सोमवारी तपासनीस आले नाहीत. उमरग्याच्या अलीकडं जीपचा टायर फुटला होता. पाचच्या गाडीला पुढच्या केंद्राचा माणूस आला आणि ठरल्याप्रमाणं पोती घेऊन गेला.

"उद्या येणार आहेत हो साहेब!" पाशामियाँ गाडीमागं चार पावलं धावले.

"उद्याची तपासणी आमची हाय!" तो माणूस खिडकीतून ओरडला, आणि त्याचंही बरोबर होतं. त्याला टायरची खबर नव्हती.

मंगळवारी तपासनीस बिराजदार आले. शांत, घामाघूम माणूस. तांब्याभर पाणी मागितलं, अर्धंच प्यायले, उरलेलं परत रांजणात ओतायला सांगितलं. मच्छिंद्रला ते तेव्हाच आवडले. त्यांनी बाकांवर हात फिरवला, पट तपासला, मयत विद्यार्थ्यांच्या नावापुढं खूण केली.

"साहेब, एक विचारू?" मच्छिंद्रला राहवेना. "प्रतिष्ठेला तीसच का?"

बिराजदार थकल्यासारखे हसले. "बैठकीत मी होतो. ग्रंथालय वीस, प्रमाण वीस, नोकरी तीस. बेरीज सत्तर झाली. शंभर पाहिजे होते. जेवायची वेळ झालेली. कुणीतरी म्हणालं, प्रतिष्ठा घाला."

मग त्यांनी कपाट उघडलं आणि एकेका पुस्तकाला पेन्सिलीनं स्पर्श करत मोजलं. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. असा मोजणारा माणूस मच्छिंद्रनं आजवर पाहिला नव्हता.

"एकोणचाळीस," ते म्हणाले, आणि पेन्सिल थांबली. "सरवदे, कुठं एखादं राहिलंय का? पूर्ण दहाला अर्धा गुण. एका पुस्तकासाठी तुमचा अर्धा जातोय."

शांतलिंग सरांनी कोपर टेबलावरून अगदी हळू उचललं. नानासाहेबांनी घड्याळ काढून पुन्हा खिशात ठेवलं. पाशामियाँनी घसा खाकरला.

"सर, ते टेबलाखालचं—"

"ते पुस्तक नाही, पाशाभाई," मच्छिंद्र म्हणाला. "त्याला नाव नाही, लेखक नाही, सोळा पानं नाहीत. सात तारखेला मी ते मोजलेलं नाही."

बिराजदारांनी त्याच्याकडं थोडा वेळ पाहिलं. मग टेबलाच्या पायाकडं पाहिलं. मग लिहिलं, ३९.

टायरमुळं तपासणी एक दिवस मागं पडली ती शेवटपर्यंत. तपासनीस जिथं जात तिथून पोती आदल्या संध्याकाळी निघालेली असत. फक्त तपासणीच्या क्रमातल्या शेवटच्या केंद्राच्या पुढं गाडी नव्हती, त्यामुळं चारशे बारा पुस्तकं तिथं थांबली, आणि ते केंद्र पहिलं आलं. यादी मे महिन्याच्या अखेरीस टपालानं आली. मच्छिंद्रनं ती फळ्यावर उतरवली नाही. पाचव्या क्रमांकाच्या केंद्राला ३१.८ गुण होते. मुरुमला ३१.५.

नानासाहेबांनी फेटा दिवाणखान्यात खुंटीला लावला. शांतलिंग सरांना दुसऱ्या केंद्रावर नेमणूक मिळाली, दोन वर्षांसाठी. समोर बसणाऱ्या पाचांपैकी तीन विद्यार्थी पाझर तलावावर गेले. कोंडीरामनं त्यांना सावलीतलं काम देतो म्हणून सांगितलं, पण सावली एकाच बाभळीची होती. मच्छिंद्रचं पद रद्द झालं. त्यानं घरी पत्र लिहिलं. सरुबाईला पत्र वाचून दाखवणाऱ्या शेजाऱ्यानं परत कळवलं, की त्यांनी एवढंच विचारलं, खुर्ची कुठं ठेवली म्हणून.

नऊ जूनला सामान न्यायला ट्रक आला. आकाश पांढरं होतं. चार्ज देताना प्रत्येक नग मोजून यादी करायची, असा नियम. पाशामियाँ लिहीत होते, मच्छिंद्र सांगत होता. बाकं तेरा. फळा एक. खुर्च्या तीन. रांजण दोन, दोन्ही कोरडे. कपाट रिकामं करून पुस्तकं ओसरीवर रचली.

मग हमालांनी प्राचार्यांचं टेबल उचललं. पाशामियाँ वाकले, खालचं ते हातात घेतलं, धूळ झटकली आणि ढिगाच्या वर ठेवलं. लेखणी उचलून ते वाट पाहू लागले.

मच्छिंद्रनं वरून खाली मोजलं. खालून वर मोजलं.

"लिहा," तो म्हणाला. "पुस्तकं, चाळीस."